आपल्याच गावचे पाणी

दिवाळीची सुट्टी संपली म्हणजे आमच्या वर्गाचा पट पहिले आठ-पंधरा दिवस अर्धामुर्धाच भरतो. ताथवडे आता नावापुरते गाव राहिले आहे. जिथे ज्वारी-बाजरी व्हायची तिथे वीस-वीस मजली इमारती उठल्या आहेत, आणि त्या उठवणारे हात नांदेड-लातूरपासून पार छत्तीसगड-बिहारपर्यंतचे आहेत. त्यांची मुले पत्र्याच्या खोल्यांतून आमच्या शाळेत येतात. सणाला गावी गेली की केव्हा परततील हे त्यांच्या मुकादमालाही सांगता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी दुसरीतला एक मुलगा महिनाभर आला नाही तेव्हा मी त्याचे नाव पटावर तसेच राहू दिले.

तो आला तो बापाचे बोट धरून. पोराचे डोळे खोल गेलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या. बापही उतरलेलाच होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या रानातले त्यांचे गाव. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, आपल्याच गावचा पानी लागला जी. पोरगा वाचला हेच लय झाला. मले चार दिस ताप होता. म्हाताऱ्याले तर काहीच नाही झाला."

मग सगळी हकीकत कळली. एका झोपडीत तीन पिढ्या निजत होत्या. आजोबा जन्मभर त्याच गावात राहिलेले. बाप आठ वर्षांपूर्वी पोटासाठी बाहेर पडलेला. मुलगा जन्मला इथे, ताथवड्यातच, आणि आजोबांचे घर त्याने पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवाळीत. डास तेच, रात्री त्याच. मुलाला दहाव्या-बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, आकडी आली, शुद्ध हरपली. रातोरात मोटारसायकलवर मध्ये धरून त्याला दवाखान्यात नेले. बाप चार दिवस तापाने फणफणला आणि गोळ्यांनी उठला. मागाहून आरोग्यसेविका घरी आली, तिने सगळ्यांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला, तर आजोबांच्या रक्तातही हिवतापाचा जंतू निघाला! आणि आजोबा तर अंगणात बसून टोपली विणत होते.

"पाणी लागणे" हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार जुना. परगावच्या माणसाला नव्या मुलखात ताप आला, हातपाय गळाले, पोट फुगले की त्याला तिथले पाणी लागले म्हणायचे. पण आपल्याच गावचे पाणी माणसाला कसे लागते, आणि घरातल्या एकाला न लागता दुसऱ्याला कसे लागते, हे कोडे माझ्या डोक्यातून जाईना. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवणारा. तरी मिळेल ते वाचत गेलो, आणि ध्यानात आले की या एका कोड्याभोवती पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

आपल्या वैद्यांना हा ताप चांगला ठाऊक होता. विषमज्वर हे त्याचे नाव. रोज येणारा, एक दिवसाआड येणारा, चौथ्या दिवशी येणारा असे त्याचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक हे भेद माधवनिदानात सांगितलेले आहेत. ताप फार दिवस राहिला की डाव्या कुशीत पानथरी वाढते हेही खेड्यातली म्हातारी माणसे जाणत होती. पण तो कुणाला जास्त आणि कुणाला कमी, हा हिशेब कुणी मांडला नव्हता.

इंग्रज अमदानीत हिशेब मांडला गेला, पण प्रथम चुकीचा. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला. सातपुड्याच्या आणि नवापूर-डांगकडच्या रानात भिल्लांचा पाठलाग करायला पाठवलेल्या पलटणी गोळीपेक्षा तापाने अधिक खंगत. १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, त्यामागे राजकारण होते हे खरेच. पण रानाच्या हवेला टिकणारी माणसे तीच, हाही अनुभव त्यामागे होता. पुढे १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात या तापाचा धसका जागोजाग दिसतो. कारकुनांच्या आणि फौजदारांच्या घरी नवापूरची बदली म्हणजे सुतकच. यातून साहेबलोकांनी आणि त्यांच्यामागून आपल्या शिकलेल्या मंडळींनीही एक समजूत करून घेतली की रानातल्या माणसांची जातच वेगळी, त्यांना हिवताप बाधत नाही.

त्यांनी पाहिली होती ती पंचवीस-तीस वर्षांची धडधाकट माणसे. जी त्या वयापर्यंत पोचलीच नाहीत ती कुणाच्या नजरेस पडणार? झोपडीतल्या पाळण्यात वाकून पाहण्याचे कारण कुणाला नव्हते.

बोट योग्य जागी ठेवले गेले ते पानथरीमुळे. उत्तरेत यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो की काय हे शोधण्यासाठी सरकारने एक कमिटी नेमली होती. तिच्यातला डॉक्टर डेम्पस्टर गावोगाव माणसांची पोटे चाचपत फिरला आणि किती जणांची पानथरी वाढली आहे यावरून गाव किती तापट हे ठरवू लागला. त्या कमिटीचा अहवाल १८४७ चा. तेव्हा जंतू माहीत नव्हता की डासाचा संबंध माहीत नव्हता. जंतू सापडला १८८० साली, लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराला, अल्जीरियात. आणि डासाच्या पोटात तो रोनाल्ड रॉसला दिसला २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेस. पण पानथरीची मोजणी त्यानंतरही राहिली, आणि ती विशेषेकरून मुलांची राहिली. दोन ते नऊ वर्षांची मुले रांगेत उभी करायची आणि डाव्या बरगडीखाली बोटे रुतवायची. अशी मुले एका जागी सापडायची ती शाळेत. इन्स्पेक्टराच्या भेटीची धास्ती आम्हा मास्तर लोकांना असते. पण पोट चाचपणारा डॉक्टर आला तर सगळा वर्ग गुदगुल्यांनी हसत सुटला असेल असे मला वाटते.

मुलांचीच का? याचे उत्तर रॉबर्ट कॉखने दिले. क्षयाचा आणि पटकीचा जंतू शोधणारा हा जर्मन पंडित १८९९ साली जावा बेटात आला आणि तिथून न्यू गिनीला गेला. त्याने रक्त तपासले ते वयाची वर्गवारी करून. जावातल्या अंबारावा या तापट भागात त्याला दिसले की तान्ह्या मुलांच्या रक्तात जंतू खच्चून भरलेले, थोराड मुलांत कमी, आणि मोठ्या माणसांत शोधून सापडावेत इतकेच. जिथे ताप अधूनमधूनच येई तिथे मात्र लहानथोर सारखेच. म्हणजे मोठ्यांना ताप नाही याचा अर्थ गाव निरोगी असा नव्हता. गावाचा ताप मुले काढीत होती. मोठ्यांनी तो आपल्या लहानपणी काढून ठेवला होता.

हीच गोष्ट आपल्या देशात क्रिस्टोफर्स या डॉक्टराने सिंगभूमच्या आदिवासी वस्त्यांत मोजून दाखवली. त्याचा निबंध १९२४ चा. पहिली दोनेक वर्षे जंतूंचा नुसता धुमाकूळ, मग हळूहळू उतार, आणि प्रौढपणी जंतू आणि माणूस यांचा जणू समझोता. रानातल्या माणसांची जात वेगळी नव्हती. प्रत्येक पिढीला तो समझोता नव्याने, पाळण्यापासून करावा लागत होता आणि त्यात कितीतरी पाळणे रिकामे होत होते. खानदेशातल्या साहेबांना जे "न बाधणे" वाटले त्याची किंमत अशी होती.

जिथे हा समझोता मुळीच झालेला नसतो तिथे काय होते, हे पाहायचे तर मॉरिशसला जावे लागते. आणि तिथे आपली माणसे आहेत. १८३० नंतर उसाच्या मळ्यांवर राबायला मुंबई बंदरातून जी गलबते गेली त्यांतून कोकणातली मराठी कुटुंबेही गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात. त्या काळी मॉरिशसची हवा इतकी चांगली मानली जाई की हिंदुस्थानातले आजारी इंग्रज तिथे विश्रांतीला जात. बेटावर माणसांना हिवताप देणारा डासच नव्हता. तो आफ्रिकेकडून जहाजांबरोबर आला असावा, आणि १८६५ नंतर एकाएकी तापाची साथ उसळली. १८६७ या एका वर्षात सुमारे सव्वातीन लाख वस्तीच्या त्या बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे हिवतापाने मेली. इथे मुलेच मेली असे नाही. ऊस तोडणारे गडी, मळेवाले फ्रेंच, पोर्ट लुईचे व्यापारी, सगळ्यांनाच तापाने ओढले, कारण तिथल्या साठीच्या म्हाताऱ्याचे शरीरही या बाबतीत तान्हेच होते. पुढे चाळीस वर्षांनी, १९०७-०८ साली, रॉस स्वतः मॉरिशसला गेला आणि त्याने बेटावरच्या हजारो मुलांच्या पानथऱ्या तपासल्या. तिघांत एकाची वाढलेली निघाली. साथ ओसरली होती, पण ताप मुलांच्या अंगात ठाण मांडून बसला होता. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आता आत, रक्तात, काय चालते ते मला उमगले तसे सांगतो. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा सहसा येत नाही. हिवतापाचे तसे नाही. आपल्या रानात माणसे मारणारा जो फॅल्सिपेरम जातीचा जंतू, तो तांबड्या पेशीत शिरतो आणि पेशीच्या पाठीवर स्वतःची एक खूण उभारतो. आपले शरीर ती खूण ओळखू लागले की तो ती बदलतो. अशा साठेक खुणांचे साचे एकेका जंतूच्या गाठीला असतात, आणि दुसऱ्या गावच्या जंतूचे साचे पुन्हा निराळे. बहुरूप्याची सगळी सोंगे ओळखायची तर वर्षानुवर्षे त्याचे खेळ पाहावे लागतात. जिथे डास बारमाही चावतो तिथे मूल पहिले काही महिने आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर निभावते. मग ती शिदोरी सरते आणि सहा महिने ते पाच वर्षे हा घात-काळ येतो. एक-दोन मोठे ताप काढून जे मूल वाचते त्याला जिवावरचा ताप पुढे क्वचितच येतो. साधा ताप मात्र दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत येत राहतो. आणि मोठेपणी अंगात जंतू असूनही माणूस टोपली विणत बसतो. जंतू पुरता जात मात्र नाही. म्हणूनच १९५० साली कंपाला येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जगातल्या मुलखांची वर्गवारी केली तेव्हा सर्वांत भयंकर वर्गाची खूण अशी ठरली: शंभरांतल्या पंचाहत्तरांहून अधिक मुलांची पानथरी वाढलेली आणि मोठ्या माणसांची मात्र पुन्हा लहान झालेली.

मोठ्या माणसाच्या रक्तात खरोखर काही साठलेले असते याचा पुरावा १९६१ साली मिळाला. आफ्रिकेतल्या गांबिया देशात कोहेन आणि मॅकग्रेगर या डॉक्टरांनी तापातून तावून निघालेल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे काढून आजारी मुलांना टोचली. मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने उतरले. वडीलधाऱ्यांची कमाई सुईच्या टोकावरून नातवंडांना मिळावी, अशी ती गोष्ट.

पण ही कमाई एका जागी अचानक बुडते, ती पहिलटकरणीच्या बाबतीत. लहानपणी सारे ताप काढून निभावलेली बाई पहिल्या खेपेला पुन्हा उघडी पडते. कारण तिच्या पोटात एक नवीन अवयव तयार होतो, वार. त्या वारेला चिकटणारे सोंग जंतूने तिच्यापुढे तोवर कधी आणलेलेच नसते. बाई फिकी पडते, मूल कमी वजनाचे होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत तिचे शरीर तेही सोंग ओळखू लागते. माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला "इथलं पाणी तुला नवं का आहे?" म्हणणाऱ्या आया रानातल्या गावांत असतीलच. या बाबतीत नवेच असते ते.

इथवर सगळे सरळ दिसते: जितके ताप काढाल तितके शहाणे व्हाल. म्हणजे वय हे नुसते हजेरी मोजण्याचे साधन. परंतु कॉख जिथे हिंडला होता त्याच बाजूला, नव्वद वर्षांनी, एक अवचित गोष्ट उघड झाली. इंडोनेशिया सरकारने दाटीच्या जावातून हजारो कुटुंबे उचलून न्यू गिनीच्या आपल्या भागात वसवली. ही माणसे फारसा हिवताप नसलेल्या मुलखातली. बाप आणि मुलगा दोघेही या बाबतीत पहिल्या इयत्तेतलेच. केव्हिन बेअर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी आर्सो येथल्या अशा वस्त्यांतून माणसांचे रक्त वरचेवर तपासले. पहिल्या धडकेला मोठी माणसे मुलांपेक्षा अधिक गंभीर आजारी पडली. पण वर्षा-दोन वर्षांत पारडे फिरले. मोठ्यांचे शरीर शिकले आणि मुलांचे मागे राहिले. चावे सारखे, काळ सारखा, तरी प्रौढ पुढे गेले. १९९१ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. म्हणजे शिकण्याची ताकदही वयाबरोबर बदलते. लहान मुलाचे शरीर एका जंतूपासून तेवढ्याच जंतूचा धडा घेते, मोठ्याचे त्याच्या भावंडांचाही घेते, असा काहीसा त्याचा अर्थ लावतात. दुसरीतले पोर आणि रात्रशाळेत आलेला बाप यांना एकच धडा शिकवताना मला येतो तसलाच हा अनुभव. पण ही तुलना फार ताणू नये, कारण हा बाप पहिल्याच तासाला दगावण्याचा धोका असतो.

आपल्याकडे या सगळ्याची कसोटी लागली ती डीडीटी आल्यावर. १९४५-४६ च्या सुमारास मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी धारवाड आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांत खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे काम सुरू केले. तापाने ओस पडत चाललेल्या मुलखात ते फवारेवाले फिरू लागले. फवारणी लागू पडली की नाही हे ओळखण्याची युक्ती पुन्हा वयाचीच होती: फवारणीनंतर जन्मलेल्या तान्ह्या मुलांचे रक्त पाहायचे. आजोबांच्या रक्तातला जंतू जुना असेल, पाच महिन्यांच्या मुलाचा जुना असूच शकत नाही. १९५३ साली देशभर मोहीम निघाली. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६१ साली नोंद झाली ती जेमतेम पन्नास हजार रोग्यांची. माणसे म्हणू लागली, संपला हिवताप. आणि १९७६ साली तो आकडा चौसष्ट लाखांवर गेला!

या घसरगुंडीची कारणे पुष्कळ सांगतात. डास डीडीटीला सरावले, पैसा आटला, देखरेख ढिली पडली. पण रानातल्या गावांपुरती आणखी एक गोष्ट मला दिसते. ज्या वर्षांत ताप नव्हता त्या वर्षांत जन्मलेली मुले वाचली, हे फार चांगले झाले. पण ती मोठी झाली ती आजोबांची कमाई न घेता. ताप परत आला तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे गडीही पाळण्यातल्या मुलासारखे त्याच्यापुढे उभे होते. कुणी याचा अर्थ असा घेऊ नये की ताप राहू द्यावा म्हणजे माणसे कणखर होतील. तसे म्हणणाऱ्याने आधी आपला नातू त्या झोपडीत निजवावा. एकदा ताप हटवला की पुन्हा येऊ द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गडचिरोलीत तो अजून आहे. महाराष्ट्रातल्या फॅल्सिपेरम हिवतापाचा मोठा वाटा त्या एका जिल्ह्याचा. १९७३ साली हेमलकशाला आमटे कुटुंबाचा दवाखाना सुरू झाला तेव्हापासून मेंदूत ताप गेलेली माणसे खाटेवर घालून तिथे आणली जात आली आहेत. तिथला ताप आफ्रिकेइतका दाट आणि बारमाही नाही, म्हणून तिथे मोठ्यांची ढालही अर्धीच असते. मुले अधिक, पण मोठेही पडतात. बंदोबस्तावरचे पोलीस आणि रस्त्यावरचे परगावचे मजूर तर पडतातच. आणि मिळालेली ढाल टिकवायलाही तिथेच राहावे लागते. युरोपात स्थायिक झालेली आफ्रिकेतली माणसे सुट्टीला घरी जातात आणि ताप घेऊन परततात, हे तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. आमच्या त्या बापाने आठ वर्षे ताथवड्यात सिमेंट कालवले. तेवढ्यात त्याच्या शरीराने गावची सोंगे निम्मी विसरली. निम्मी आठवत होती म्हणून तो चार दिवसांत उठला. मुलाला मुळीच काही ठाऊक नव्हते.

ही कमाई जिवाचा धोका न पत्करता मुलांना देता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर तयार झाले आहे. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरात तिची शिफारस केली आणि २०२४ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या मुलांना ती मिळू लागली. तिथेही वयाने आपला हात दाखवला. आधीच्या आरटीएस-एस या लशीच्या चाचणीत सहा ते बारा आठवड्यांच्या तान्ह्यांना तिचा जेवढा उपयोग झाला त्याहून पाच ते सतरा महिन्यांच्या मुलांना पुष्कळ अधिक झाला. म्हणून टोचायचे ते पाचव्या महिन्यापासून, आईची शिदोरी सरता सरता.

आमच्या इमारतींच्या तळघरांत आणि लिफ्टच्या खड्ड्यांत पावसाचे आणि स्लॅबचे पाणी साचते. शहरातला हिवताप पसरवणारा स्टीफेन्सी डास अशाच पाण्यात वाढतो. १९११ साली बेंटलीने मुंबईत तो विहिरींत दाखवून दिला तेव्हा विहिरी बुजवण्यावरून केवढा वाद माजला होता! पालिकेची माणसे येतात, तेल टाकतात, जातात. देशभरची माणसे एका पत्र्याखाली आणली की त्यांचे ताप आणि त्यांच्या ढालीही एकत्र येतात, हे याच बेंटलीने क्रिस्टोफर्सबरोबर बंगालच्या चहामळ्यांतल्या मजुरांत शंभरावर वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते.

मुलगा आता तिसरीत आहे. पावसाळ्यात अंग भरले त्याचे. परवा बाप रजेचा अर्ज घेऊन आला. आजोबा थकले आहेत, त्यांना नातवाला पाहायचे आहे. नको जाऊ म्हणायची माझी छाती झाली नाही. औषध लावलेली मच्छरदाणी गावात मिळते, ती पोराच्या अंगावर पहिल्या रात्रीपासून घाल, म्हणालो. आणि परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कधीही ताप आला तर इथल्या डॉक्टरांना आधी गावाचे नाव सांग. नाहीतर ते डेंग्यूच शोधत बसतील. त्याने मला अर्जाच्या पाठीवर ते लिहून द्यायला सांगितले. मी लिहून दिले. मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवले, जोडाक्षरांसकट.